पाषाण रस्त्यावर आपले प्रश्न कोण नेणार?

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमाराला पुण्यातल्या संशोधन संस्थांची फाटकं सगळ्यांसाठी उघडतात. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेबाहेर शाळांच्या रांगा लागतात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत म्हणजे एनसीएलमध्ये आजी-आजोबा नातवंडांचा हात धरून फिरतात, खोडदच्या दुर्बिणीपाशी जुन्नर-आंबेगावच्या गावागावांतून मुलं येतात. शास्त्रज्ञ घसा बसेपर्यंत समजावून सांगतात. या दिवसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या दिवशी आपण पाहुणे असतो. आत जे चाललंय ते बघायचं, टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचं. पुढच्या वर्षी इथे कशावर काम व्हावं, हे आपल्याला कुणी विचारत नाही, आणि आपल्यालाही ते कुणाला सांगावंसं वाटत नाही. हे बदलायला हवं, आणि ते बदलायला पुण्याइतकं योग्य शहर देशात दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

एका पाषाण परिसरातच किती संस्था आहेत बघा. एनसीएल १९५० पासून, उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी आयआयटीएम १९६२ पासून, शिवाय आयसर आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेची प्रयोगशाळा. शहरात आघारकर संस्था, गणेशखिंडीला आयुका आणि पेशीविज्ञान केंद्र, खडकवासल्याला जलविद्युत संशोधन केंद्र, भोसरीला एड्सवरची संस्था, मांजरीला द्राक्ष, राजगुरुनगरला कांदा-लसूण. यातल्या बहुतेक सगळ्या करदात्यांच्या पैशावर चालतात. देश एकूण उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के रक्कम संशोधनावर खर्च करतो. ती वाढलीच पाहिजे. पण जी आहे तीही आपलीच आहे, आणि ती कशावर खर्च व्हावी याबद्दल बोलण्याचा आपला हक्क शून्य कसा असू शकतो?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे विषय तज्ज्ञांनीच ठरवावा, बाहेरच्यांनी त्यात पडू नये. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून नाही. बाहेरचे लोक आजही विषय ठरवतातच. मंत्रालय ठरवतं, संरक्षणाची गरज ठरवते, उद्योग ठरवतात, आणि कुठल्या विषयावरचा निबंध परदेशातलं कुठलं नियतकालिक छापेल, हा हिशोबही ठरवतो. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झालं. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करायचे आणि त्यातला मोठा वाटा खासगी स्रोतांतून आणायचा, अशी ती योजना. नियामक मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान आहेत. उद्योगक्षेत्रातले पाचपर्यंत सदस्य घेण्याची तरतूद कायद्यात आहे. रुग्ण म्हणून, शेतकरी म्हणून, कामगार म्हणून किंवा नुसतं नागरिक म्हणून बसणाऱ्या कुणासाठीही जागा नाही. ज्यांच्याकडे सत्ता किंवा पैसा आहे, त्यांना दार आधीच उघडं आहे.

आपल्या महाराष्ट्रात तर याचा अनुभव घरचाच आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी उभी केली. गाळपाच्या टनामागे रुपया या हिशोबाने तिला पैसा मिळत आला. उसाचं कुठलं वाण हवं, पाण्याचं काय, खोडव्याचं काय, साखरेचा उतारा कसा वाढेल, हे प्रश्न शेतातून निघाले, कारखान्याच्या सभेतून पुढे गेले आणि प्रयोगशाळेत पोहोचले. द्राक्ष बागायतदारांचंही तेच. त्यांचा संघ आहे, संशोधनासाठी ते स्वतः खर्च करतात, आघारकरच्या आणि द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना हक्काने बांधावर नेतात. कुणीही असं म्हणत नाही की ऊसवाल्या शेतकऱ्याला विज्ञान काय कळतं. त्याने प्रश्न विचारले म्हणून विज्ञान बाटलं नाही, उलट कामाला आलं. लोकसहभागाने संशोधन बिघडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मांजरीला जाऊन यावं.

खरी अडचण पुढे आहे. ऊस आणि द्राक्ष यांच्यामागे संघटना आहे, पैसा आहे, आमदार आहे. बाजरी, मटकी, हुलगा लावणाऱ्याच्या मागे काय आहे? मेंढपाळाच्या मागे? ज्याला पाणी नाही, त्याला प्रश्न विचारायची जागाही नाही. ज्यांना पाणी पुरलं, त्यांनाच विज्ञानही पुरलं.

माझे मामा शिरूर तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यात मूग आणि बाजरी करतात. मान्सूनचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये जाहीर होतो, वर्तमानपत्रं पहिल्या पानावर मथळा देतात. मामा तो वाचतात आणि पेपर घडी करून ठेवतात. एकदा मला म्हणाले, "देशाचा पाऊस १०५ टक्के असू दे नाहीतर ९५. मी वाफसा बघून पेरल्यावर माझ्या वावरात पाऊस पंधरा दिवस ओढ देणार का, तेवढं सांगा म्हणावं तुझ्या पाषाणवाल्यांना." हे वाक्य मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे, कारण त्यात एका संशोधनाचा अख्खा आराखडा आहे. प्रश्न कुठल्या जागेचा, किती दिवसांचा, कुठल्या निर्णयासाठी, आणि उत्तर चुकलं तर किंमत कोण मोजणार, हे सगळं. पेरणी फुकट गेली तर दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणावं लागतं.

मोसमाच्या एकूण पावसाचा टक्क्यांतला अंदाज कुणाला हवा होता, हे शोधायला इतिहासात जावं लागतं. १८७७ च्या दुष्काळानंतर वसाहतीच्या सरकारने हवामान खात्याला हा प्रश्न घातला आणि १८८६ पासून असे अंदाज रीतसर निघू लागले. धान्य, महसूल, दुष्काळी कामं यांची तजवीज करणाऱ्या सरकारचा तो प्रश्न होता आणि सरकारसाठी तो रास्तच होता. पण पेरणाऱ्याचा प्रश्न तो कधीच नव्हता. शतकभराहून जास्त काळ बुद्धिमान माणसं दुसऱ्याच्याच प्रश्नाचं उत्तर सुधारत राहिली. २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. शहरात तिची चेष्टा झाली, मला ती चेष्टेची वाटली नाही. ज्या माणसाला प्रश्न विचारायला कुठलंच टेबल दिलेलं नाही, तो पोलीस ठाण्याच्या टेबलापाशी गेला.

आता परिस्थिती सुधारते आहे. २०१२ पासूनच्या मान्सून मिशनमुळे दोन-तीन आठवडे आधी पावसाचा खंड ओळखण्याच्या कामाला जोर आला. मे २०२५ मध्ये आयआयटीएमने विकसित केलेली सहा किलोमीटर जाळीची, म्हणजे सहा-सहा किलोमीटरच्या चौकटींसाठी अंदाज काढणारी प्रणाली कामाला लागली, आधीची जाळी बारा किलोमीटरची होती. हे मोठं यश आहे आणि ते पुण्यात घडलं आहे. तरी जाळी बारीक झाली म्हणजे प्रश्न शेतकऱ्याचा झाला असं होत नाही. तो कसा होतो, हे पुण्यातच जन्मलेल्या मान्सूनतज्ज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी दाखवून दिलं होतं. कर्नाटक-आंध्र सीमेवरच्या पावगडा-अनंतपूरच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात भुईमूग घेणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर त्या बसल्या. पेरणी कोणत्या दिवसांत केली तर धोका कमी, हा त्यांचा प्रश्न घेतला आणि जुन्या पावसाच्या नोंदी, पिकाचं गणित आणि शेतकऱ्यांचा अनुभव एकत्र ठेवून उत्तर शोधलं. तिथे शेतकरी माहिती पुरवणारा नव्हता, अभ्यासातला भागीदार होता.

प्रश्न न विचारल्यामुळे काय काय दिसत नाही, याचं याहून बोलकं उदाहरण गडचिरोलीचं आहे. ऐंशीच्या दशकात ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विषय निघाला की सरकारी यंत्रणा दोनच गोष्टी बोलायची, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला आणि जगाचं लक्ष गेलं. एवढं मोठं दुखणं इतकी वर्षं कुणाच्याही यादीत नव्हतं. बायकांना ते ठाऊक होतं. यादी करणाऱ्यांत त्या नव्हत्या.

आपल्या शहरात यायचं तर जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. धडधाकट माणसाचे हातपाय लुळे पडायचे, काहींना व्हेंटिलेटर लागला, काही दगावले. विषाणू संस्थेने थोड्याच दिवसांत नमुन्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू शोधला. हे काम उत्तम झालं. पण त्या भागातले लोक वेगळंच विचारत होते. आमच्या नळाला विहिरीचं पाणी येतं, त्यात क्लोरीन टाकण्यापलीकडे काही होत नाही, हे किती वर्षं चाललंय? लहान मुलांना वरचेवर जुलाब होतात त्याची नोंद कुणाकडे आहे? कुठल्या गल्लीला कुठली लाइन येते आणि ती सांडपाण्याच्या किती जवळून जाते? हे प्रश्न साथीच्या आधीचे आहेत आणि साथ ओसरल्यावरही तसेच राहतात. साथ आली की प्रयोगशाळा धावते, कारण तसा तिला आदेश असतो. रोजच्या पाण्याचा, वर्षानुवर्षं चालणारा, कंटाळवाणा अभ्यास करायचा आदेश कुणालाच नसतो. महापालिकेत समाविष्ट झालेल्या या गावांतल्या रहिवाशांना संशोधनाचे विषय ठरवण्याच्या बैठकीत एक खुर्ची असती, तर हा विषय यादीत पहिल्या पाचांत असता, याबद्दल मला शंका नाही.

लोकांना विचारलंच नाही असंही नाही, पण विचारलं ते फार उशिरा. बीटी वांग्याचं, म्हणजे अळीला तोंड देण्यासाठी जनुकात बदल केलेल्या वांग्याचं घ्या. जालन्याच्या महिकोने २००० च्या सुमारास काम सुरू केलं, ऑक्टोबर २००९ मध्ये नियामक समितीने मंजुरी दिली, आणि त्यानंतर तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यातली एक नागपूरला झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये वांगं स्थगित झालं. निर्णय बरोबर की चूक, हा वाद मी इथे घालत नाही. मला दिसतं ते एवढंच की बियाणं तयार झाल्यावर विचारलं की माणसाच्या हातात दोनच शब्द उरतात, हो किंवा नाही, आणि मग सभेत आरडाओरडा होणारच. हाच प्रश्न दहा वर्षं आधी वेगळ्या रूपात विचारता आला असता. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीने तुमचं किती नुकसान होतं, फवारणीवर किती जातं, कुठले उपाय करून बघितले, पुढे काय शोधून हवंय? तेव्हा शेतकऱ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. लोकांच्या हाती विषय दिले तर उद्या ते ज्योतिष आणि चमत्कार घेऊन येतील. पंचगव्याच्या संशोधनासाठी सरकारने निधी काढला तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी विरोध केला, आणि तो योग्यच होता, कारण तिथे गुण आहेतच असं गृहीत धरून पुरावे मागवले जात होते. पण ते वरून आलं होतं, नागरिकांच्या कुठल्या मंडळाने ते मागितलेलं नव्हतं. आणि लोकांच्या मनातला प्रश्न कसाही असला तरी त्याची प्रामाणिक परीक्षा घेता येते, याचा पुरावा पुण्याकडेच आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० कुंडल्या जमवल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जन्मवेळा गोळा करण्याचं किचकट काम केलं. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवली २७ जणांनी, आणि त्यांचं सरासरी यश ४६ टक्के निघालं. नाणं उडवून मिळालं असतं त्याहून काही वेगळं नाही. हा प्रश्न पुण्यातल्या घराघरातला होता. तो हास्यास्पद म्हणून झटकला नाही, ज्योतिषांना बोलावून, नियम आधी सांगून, आकडे मोजून त्याचं उत्तर दिलं. माझी मागणी याच रेषेवर थांबते. प्रश्न लोकांचा असावा, पद्धत विज्ञानाची, आणि उत्तर कुणाच्याही मताने बदलू नये. विषयासाठी मतदान चालेल, निष्कर्षासाठी कधीही नाही.

मूलभूत संशोधनाची काळजी मलाही वाटते. शेतकऱ्यांच्या बैठकीतून कुणी रेडिओ दुर्बीण मागितली नसती. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तिचं स्वप्न बघितलं म्हणून खोडद परिसरात ४५ मीटरच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या आणि आज जगभरातले खगोलशास्त्रज्ञ तिथे निरीक्षणाची वेळ मागतात. कुतूहलाला मोकळीक नसेल तर विज्ञान वाळून जाईल. संशोधनाच्या पैशातला मोठा भाग शास्त्रज्ञांच्या कुतूहलासाठी राखून ठेवावा आणि त्याला कुणी हात लावू नये, असं मीच म्हणेन. पण खोडदचंच आणखी एक अंग आहे. दुर्बिणीच्या निरीक्षणात व्यत्यय येईल म्हणून नारायणगावमार्गे आखलेला पुणे-नाशिक रेल्वेमार्ग बदलायचं ठरलं, आणि जुन्नर, आंबेगाव, खेडच्या लोकांत नाराजी पसरली. दुर्बीण वाचली पाहिजे, याबद्दल दुमत नको. मात्र विज्ञानासाठी ज्यांना झीज सोसावी लागते, त्यांच्याशी संबंध वर्षातून एका दिवसाच्या प्रदर्शनापुरता असेल, तर संकटाच्या वेळी ते विज्ञानाच्या बाजूने का उभे राहतील? ज्यांचं मत कधीतरी विचारलं गेलंय अशी माणसं आपल्या गावातल्या दुर्बिणीसाठी भांडतात.

मग करायचं काय? पुण्याला नागरिक सहभागाची सवय आहे. २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिक क्षेत्रीय कार्यालयांतून कामं सुचवतात. त्यातून शिकण्यासारखंही आहे. अर्ज तेच लोक भरतात ज्यांना अर्ज भरायची सवय असते, मागण्या बाक, पदपथ आणि दिव्यांपाशी थांबतात, आणि आपल्या सूचनेचं पुढे काय झालं हे कळायला खेटे घालावे लागतात. म्हणून नुसती सूचनापेटी नको. शहरातल्या सरकारी संस्थांनी आपल्या प्रकल्प निधीतला लहानसा हिस्सा, शंभरातले पाच रुपये म्हणा, एकत्र बाजूला काढावा. त्यावर मतदार यादीतून सोडत काढून निवडलेलं नागरिकांचं मंडळ असावं, शहरातले आणि जिल्ह्यातले तालुके धरून. सोडत अशासाठी की त्यामुळे नेहमीचे यशस्वी लोक आणि पक्षांचे कार्यकर्ते आपोआप बाजूला राहतात. बैठकीच्या दिवसाची मजुरी द्यावी. कामकाज मराठीत चालावं. शास्त्रज्ञांनी आधी दोन-तीन दिवस समजावून सांगावं की काय शोधता येतं, काय आधीच माहीत आहे आणि काय आज शक्य नाही. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स २००४ पासून रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून एकेका आजारातले अनुत्तरित प्रश्न क्रमाने लावून घेते. त्याआधी तिथल्याच एका अभ्यासात दिसलं होतं की गुडघेदुखीवरचं बहुतेक संशोधन औषधांवर चाललंय आणि रुग्णांना मात्र शस्त्रक्रियेबद्दल आणि दुखण्यासह जगण्याबद्दल जाणून घ्यायचं आहे. आपल्या घरातल्या गुडघ्यांना विचारलं तर वेगळं काही येणार नाही.

एक अट मात्र मी कडक ठेवेन. मंडळाने दिलेला जो प्रश्न संस्था नाकारेल, त्याचं कारण लेखी आणि मराठीत द्यावं. 'हे आधीच सिद्ध झालंय', 'यासाठी साधनं नाहीत', 'हा संशोधनाचा नाही, अंमलबजावणीचा प्रश्न आहे', काहीही असो, पण लिहून. त्या शेवटच्या कारणाने नाकारलेल्या प्रश्नांची यादी लांबलचक निघेल, आणि ती थेट महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या टेबलावर जावी.

सोडतीत कोण येईल सांगता येत नाही, पण कचरावेचक महिलांपैकी कुणी तरी यावी अशी माझी फार इच्छा आहे. या बायका १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित आहेत. सकाळी घरोघरचा कचरा घेऊन शेडमध्ये बसल्या की हाताच्या नुसत्या चिमटीने आणि आवाजाने त्या प्लास्टिकच्या जाती ओळखतात. दुधाची पिशवी वेगळी, शाम्पूची बाटली वेगळी, बाटलीचं झाकण वेगळं, प्रत्येकाचा भाव वेगळा. आणि वेफर्सचं आतून चकचकीत असलेलं पाकीट उचलून त्या बाजूला टाकतात, कारण थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि भंगारवाला त्याला हात लावत नाही. 'जे कुणीच विकत घेत नाही असं पाकीट बनवतात कशाला, एकाच जातीचं करता येत नाही का?' हा तिचा प्रश्न पॉलिमर रसायनशास्त्राचा आहे, आणि त्या शास्त्रात देशात नाव असलेली प्रयोगशाळा तिच्या शेडपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला प्रश्न हाच घ्यावा.